आज घर कसं आहे?

दुखणं दहापैकी किती, हा प्रश्न ज्याने पहिल्यांदा विचारला त्याला समोर बसवून मला एकदा विचारायचंय, की दहा म्हणजे कुणाचे दहा? मी बांधकामाचे नकाशे काढते. आमच्या ऑफिसात कुणी 'ही खोली दहापैकी सात मोठी आहे' असं म्हणालं, तर त्याला चहा पाजून घरी पाठवतील. दवाखान्यात मात्र शहाणी माणसं हाच प्रश्न गंभीर चेहऱ्याने विचारतात आणि मी उत्तर शोधत गप्प बसले की 'तीन' लिहून मोकळी होतात.

मी सुमेधा मगदूम, राहणार सांगली. मला ऑटिझम आहे आणि सांधे सैल असण्याचा आजारही आहे. दुसऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पहिल्याबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे असं प्रत्येकालाच वाटतं. शरीर सांधून ठेवणारं कोलॅजन नावाचं प्रथिन माझ्यात जन्मापासून ढिलं आहे. त्यामुळे कणीक मळताना अंगठा निखळतो, पटकन उभी राहिले तर रक्त पायातच राहतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आतडी आपल्या सोयीने काम करतात. या दोन गोष्टी बऱ्याचदा एकाच माणसात नांदतात, हे आता डॉक्टरांना शिकवतात. माझ्या लहानपणी शिकवत नव्हते.

तेव्हा फाईलवर 'ऑटिझम' हा शब्द दिसला, की डॉक्टरांचा चेहरा मऊ व्हायचा आणि तपासणी संपायची. पोट दुखतंय? ऑटिझममुळे. चक्कर येते? ऑटिझममुळेच. मी मोठी झाल्यावर एकाने तर मूल झालं की सगळं ठीक होईल असं सांगितलं होतं. मूल म्हणजे त्याला जंतुनाशक वाटत असावं. मराठीत या ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. तो शब्द मला मुळीच पटत नाही. मी स्वतःत इतकी मग्न असते, तर माझं पोट दुखतंय हे निदान मला तरी कळलं असतं.

खरी गोची तीच होती. भूक, तहान, कळ, धडधड असे निरोप शरीराकडून मेंदूकडे अखंड जात असतात आणि बहुतेकांच्या मेंदूत ते आपापल्या खणात जाऊन पडतात. माझ्याकडे निरोप येतात, पण पत्ता नसलेले. काहीतरी होतंय एवढं कळतं. काय आणि कुठे, ते नाही. एकदा मी दिवसभर सगळ्यांवर चिडून होते. संध्याकाळी लक्षात आलं, की मला फक्त बाथरूमला जायचं होतं.

घराची गोष्ट लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली आहे. मी ओट्यापाशी खांबासारखी उभी होते. सम्मेदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, विचारलं, "काय होतंय?"

"माहीत नाही."

"कुठं दुखतंय?"

"माहीत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात एका बंगल्याचा नकाशा चालला होता, म्हणून असेल, तोंडातून निघून गेलं, "मागच्या खोलीत कुणीतरी कपाट सरकवतंय."

दुसरा कुणी असता तर त्याने माझ्या माहेरी फोन लावला असता. सम्मेदने गॅस बंद केला आणि विचारलं, "कुठल्या भिंतीकडं?"

"उजव्या."

"सारखं, का थांबून थांबून?"

"थांबून थांबून."

उजव्या मूत्रपिंडात खडा निघाला. त्या 'कुठल्या भिंतीकडं' साठी मी या माणसावर आजही जीव टाकते.

मग आम्ही पूर्ण घरच बांधलं. पोट म्हणजे स्वयंपाकघर, छाती म्हणजे पुढची खोली, गुडघे जिन्यात, खांदे माळ्यावर, डोकं गच्चीवर. सम्मेद वीज कंपनीत आहे, डीपी आणि मीटर यांच्यात त्याचा दिवस जातो. संध्याकाळी आला की हेल्मेट खुंटीला अडकवायचा, माझ्यासमोर स्टूल ओढून बसायचा आणि विचारायचा, "आज घर कसं आहे?" मी एकेक खोली हिंडून यायची आणि सांगायची. वेळ लागायचा. तो थांबायचा. आमच्या संसारात फुलं, वाढदिवस, फिरायला जाणं यातलं काही फारसं नव्हतं. हे होतं.

*

सांगलीत कृष्णेवर विजेच्या होड्या सुरू झाल्या, त्याच वर्षी टिकली आली. कंपनीने तिला भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं. पण ती टिकलीएवढी, त्वचेच्या रंगाची, कानाच्या पाळीमागे चिकटवायची वस्तू होती, त्यामुळे लोकांनी तिचं बारसं परस्पर उरकून टाकलं.

तिचं विज्ञान समजायला अवघड नाही. मेंदूतून निघून मान, छाती, पोट असा उतरत जाणारा व्हेगस नावाचा एक लांबलचक मज्जातंतू आहे. नाव एकच, पण तो हजारो धाग्यांचा जुडगा आहे आणि त्यातले बहुतेक धागे खालून वर जातात. म्हणजे मेंदू पोटाला जेवढं सांगतो त्याहून कितीतरी जास्त पोटच मेंदूला सांगतं. या व्हेगसची एक बारीक फांदी थेट कानाच्या त्वचेपर्यंत येते. टिकली तिथे बसून आतली कुजबुज ऐकते. फोनमधला प्रोग्रॅम लाखो माणसांच्या कुजबुजीशी ती ताडून बघतो आणि सांगतो: तहान लागली आहे. उभी राहू नकोस, रक्तदाब उतरतोय. वेदना: चार.

मी आधीच सांगते, मी टिकलीची निंदा करायला बसलेली नाही. पहिल्या महिन्यात मी एकदाही चक्कर येऊन पडले नाही. कानामागे हलकंसं थरथरलं की पाणी प्यायचं, दोनदा थरथरलं की बसायचं, इतकं सोपं. तहान नावाची गोष्ट मला वयाच्या सदतिसाव्या वर्षी सापडली. ग्लास तोंडाला लावताना मी रडले, आणि का रडते आहे हे मला तेव्हाच्या तेव्हा कळलं. तोही पहिलाच प्रसंग.

दवाखान्यात तर जादूच झाली. आकडा दिसला की डॉक्टर ताठ बसायचे. जे दुखणं मी वर्षानुवर्षं सांगत होते, ते आता मशीन सांगत होतं म्हणून खरं ठरलं. मला त्याचा राग यायला हवा होता. पण आराम पडत असताना राग फार वेळ टिकत नाही.

सर्वांत जास्त बदलल्या माझ्या सासूबाई. त्या जयसिंगपूरला राहतात. माझ्या दुखण्याला त्या आधी 'मनाचे खेळ' म्हणायच्या. सम्मेदने टिकलीचा आकडा त्यांच्याही फोनवर जोडून दिला, आणि पहिल्या पाचालाच त्यांनी फोन केला. "पाच आलाय गं. काय खाल्लंस?" नंतर त्या शेजारणींना आकडा सांगू लागल्या, जसा क्रिकेटचा स्कोअर सांगतात. मला ते आवडायचं. कुणीतरी माझ्या पोटाची बातमी विचारतंय, हेच किती होतं.

मग एक दिवस लक्षात आलं, की स्टूल बरेच दिवस जागचं हललेलं नाही.

सम्मेद यायचा, हेल्मेट अडकवायचा, खिशातून फोन काढायचा, बघायचा आणि म्हणायचा, "दोन. मस्त. चहा टाकू?" त्यात वाईट काही नव्हतं. चहाही चांगला करायचा. पण तो माझ्याकडे बघायच्या आधी फोनकडे बघायचा, आणि फोनकडे बघून झाल्यावर माझ्याकडे बघायचं काही कारण उरायचं नाही.

एका संध्याकाळी मी आपण होऊन म्हणाले, "स्वयंपाकघराचं छत ठिबकतंय."

त्याने फोन बघितला. "दोनच आहे की."

"ठिबकतंय."

"अगं, दोन म्हणजे काही नाही. मीटर खोटं बोलत नाही, सुमेधा." हे त्याचं पेटंट वाक्य. वीजबिलाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो ते ऐकवायचा. मला त्याने पहिल्यांदाच ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टिकली काढून साबणाच्या डबीत ठेवली. दुपारी सम्मेद ड्यूटी सोडून धावत घरी आला. फोनवर माझ्या नावापुढे नुसती रेघ येत होती. मी टेबलावर नकाशा पसरून बसले होते, धडधाकट. तो दारातच उकिडवा बसला.

"तू माझ्याशी बोलत नाहीस," मी म्हणाले. "तू आकड्याशी बोलतोस."

"खरं आहे," तो म्हणाला. मी भांडणाची तयारी केली होती, ती वाया गेली. "खरं सांगू का? इतकी वर्षं मी कामावर असलो तरी निम्मा इथंच असायचो. तू फोन उचलला नाहीस, की तू पडलीस का, हेच डोक्यात. टिकली आल्यापासून मला झोप लागते. मला ती तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी पाहिजे."

त्याच्या डोळ्यांखाली काळं होतं, ते मला त्या दिवशी दिसलं. मी विचारलं, "तू बरा आहेस ना?"

"मी? मी बरा आहे." तो नेहमी हेच म्हणतो.

मी टिकली पुन्हा लावली. त्याला झोप लागावी म्हणून लावली, हे मी स्वतःला स्पष्ट सांगितलं. स्टूल मात्र कोपऱ्यातच राहिलं.

*

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही जयसिंगपूरला आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे, जेवायला गेलो होतो. पान वाढून झालं होतं. तिघांचे फोन एकदम वाजले. चार. मी घास खाली ठेवला. पाच. आईंनी माझ्या ताटातली भजी उचलून घेतली, जणू भजीच दोषी. मग सहा, आणि लगेच सात. टिकली आल्यापासून सात कधीच आला नव्हता.

सम्मेदने बिनचालकाची रिक्षा बोलावली आणि आम्ही सांगलीला एका मोठ्या हॉस्पिटलकडे निघालो. ही रिक्षा दर गतिरोधकाला थांबून विचारते, 'प्रवास सुखकर होतोय का? एक ते पाचमध्ये गुण द्या.' मी तिला काय गुण दिले असते ते लिहिण्यासारखं नाही. "स्वयंपाकघरात भांडी आपटताहेत," मी सांगत होते. "खाली, उजव्या कोपऱ्यात." सम्मेद फोनकडे बघत "हो हो, पोचतोय" म्हणत होता. आकडा हाताशी असताना खोली कोण विचारणार?

अपघात विभागात एक तरुण डॉक्टर होता. नम्र होता, पण त्याने सगळे प्रश्न सम्मेदला विचारले. थोडा ताप होता. त्याने पोट दाबून बघितलं. पोट मऊ होतं. रक्त तपासायला पाठवलं, सलाईन लावलं आणि टिकलीचा आकडा दाखवणारा स्क्रीन माझ्या डोक्याशी अडकवला. आम्ही तिघं त्या स्क्रीनकडे बघत बसलो. दिवे फार पांढरे होते आणि शेजारच्या पडद्याआड कुणीतरी तंबाखू मळल्याचा वास येत होता. मी बोटं एकमेकांत गुंफून डोळे मिटून घेतले.

चारच्या सुमाराला आकडा उतरू लागला. सहा, चार, आणि मग घसरगुंडीवरून आल्यासारखा दोन. आईंनी हात जोडले. सम्मेदने इतका मोठा श्वास सोडला, की माझ्या चादरीचं टोक हललं. डॉक्टर येऊन हसून म्हणाला, "बघा सर, औषधाने आराम पडला. यांना ऑटिझम आहे ना, जागा बदलली, माणसं वाढली, की असं होतं. घरी नेऊ शकता. रक्ताचा रिपोर्ट आला की उद्या ओपीडीत दाखवा."

सम्मेद पिशवी भरू लागला. माझ्या चपला शोधायला तो पलंगाखाली वाकला.

मी आत हिंडून आले. सवयीने, कुणी विचारलं नव्हतं तरी. आणि म्हणाले, "घरात कुणी नाही."

"हां, शांत झालं ना," तो पलंगाखालून म्हणाला. "बरं झालं. चल."

मला सांगायचं होतं, की हे बरं नाही. पण माझं असं आहे, की दुसरं वाक्य यायला वेळ लागतो. पहिलं वाक्य दारात असतं, दुसरं कुठेतरी आतल्या खोलीत, आणि ते बाहेर येईपर्यंत माणसं निघून गेलेली असतात. आयुष्यातल्या कितीतरी गोष्टी मी अशा उशिरा आलेल्या वाक्यांमुळे गमावल्या आहेत. त्या दिवशी मला भीती वाटली. ती भीती आहे, हेही मला नीट कळत होतं. सम्मेद चपला घेऊन उभा राहिला, आईंनी पर्स खांद्याला लावली, आणि तेवढ्यात ते वाक्य आलं.

"पंखा चालूच ठेवून गेलेत."

सम्मेद थांबला. त्याच्या एका हातात माझी एकच चप्पल होती.

"काय म्हणालीस?"

"पंखा चालू आहे. गॅसवर दूध आहे. आणि घरात कुणी नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग स्क्रीनकडे, मग परत माझ्याकडे. खिशातला फोन काढून त्याने पालथा ठेवला, कोपऱ्यातलं स्टील-पायांचं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसला.

"कधी गेले?"

"मघाशी. सगळे एकदम."

"कुठल्या दारानं?"

त्याचा तोच आवाज होता. ओट्यापाशी उभी असताना ऐकलेला. आत्ता घर बघायचं होतं.

"दारानं नाही," मी म्हणाले. "स्वयंपाकघराची भिंत फुटली. म्हणून भांडी थांबली. आता पाणी शिरतंय, सगळ्या खोल्यांत. आवाज न करता. माळ्यावरसुद्धा ओल आलीय, उजवीकडे."

सम्मेद उठला आणि त्या डॉक्टरसमोर जाऊन उभा राहिला. "आम्ही घरी जाणार नाही. मोठ्या डॉक्टरांना बोलवा."

"सर, आकडा दोन आहे. पोटही मऊ आहे."

"हिचं सगळंच मऊ आहे, हिचे सांधे सैल आहेत, ते कागदावर लिहिलंय. आणि हिचं घर आजवर कधी रिकामं नव्हतं. काही ना काही वाजत असतंच."

"घर?" डॉक्टरने विचारलं. "सर, यंत्र स्पष्ट सांगतंय, की वेदना कमी झाली आहे."

"मी वीज कंपनीत आहे, डॉक्टर," सम्मेद म्हणाला. तो कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "तार तुटली तरी मीटर शून्यच दाखवतं."

मला वाटलं, आता आई मध्ये पडतील आणि म्हणतील, देवाच्या दयेने आकडा उतरलाय तर चला. त्यांनी पर्स खांद्यावरून काढली, माझ्या पायांशी पलंगावर ठेवली आणि तिच्याशेजारी बसल्या. "मी हितनं हलणार न्हाई," त्या म्हणाल्या. "बलवा मोठ्या डॉक्टरला."

सर्जन आल्या, डॉ. जमादार. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांनी सम्मेदचं ऐकून घेतलं आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "पाणी कुठपर्यंत आलंय?" असं विचारलं आणि गप्प राहिल्या. माझं पहिलं वाक्य आलं, दुसरं आलं, तिसरंही आलं. उजव्या माळ्याबद्दल मी सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला.

"माळा म्हणजे?"

"खांदा," सम्मेद म्हणाला.

"पोटाच्या आजारात खांदा. म्हणजे आत काहीतरी वरपर्यंत पसरलंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि तरुण डॉक्टरकडे वळून स्कॅनची व्यवस्था आत्ताच्या आत्ता करा म्हणाल्या.

अपेंडिक्स फुटलं होतं. पू पोटभर पसरत चालला होता. घरी गेलो असतो, तर सकाळपर्यंत काय झालं असतं, हे डॉ. जमादारांनी मला नंतर सरळ सांगितलं. सरळ सांगितलेलं मला झेपतं. मला झाकून ठेवलेलं झेपत नाही.

*

टाके वाळत होते तेव्हा कंपनीतून कावेरी नावाची इंजिनियर मुलगी आली. पुण्याहून एकटी आली होती आणि आल्या आल्या म्हणाली, "मॅडम, आमचं चुकलं." कंपनीचं माणूस असं बोलतं यावर माझा विश्वासच बसेना. तिने माझ्याच नकाशाच्या कागदावर आकृती काढून दाखवली. आतडं फुगलं, ताणलं गेलं, की ते व्हेगसवरून ऐकू येतं. अपेंडिक्स फुटताच तो ताण सुटला, म्हणून आकडा उतरला. पण पू पसरून पोटाच्या आतल्या अस्तराची जी आग होते, ती बातमी दुसऱ्याच रस्त्याने, पाठीच्या कण्यातून जाते. टिकली त्या रस्त्यावर बसलेलीच नाही. एरवी अशा वेळी पोट फळीसारखं कडक होतं आणि डॉक्टरच्या हाताला समजतं. माझ्या सैल पोटाने तेही सांगितलं नाही.

"म्हणजे दोन हा आकडा खोटा नव्हता," सम्मेद म्हणाला.

"नाही. पण तो सगळ्या घराचा नव्हता," कावेरी म्हणाली, आणि जीभ चावून माझ्याकडे बघितलं. घराबद्दल तिला डॉ. जमादारांनी सांगितलं होतं. तिला अजून ऐकायचं होतं. मी सांगत गेले, ती लिहीत गेली, आणि मध्येच तिने पेन ठेवून विचारलं, "आमच्याबरोबर काम कराल का?"

मी आता आठवड्यातले दोन दिवस टिकलीला घर शिकवते. नव्या टिकलीत आकडा आधी दिसत नाही. ती थरथरते आणि फोन माणसालाच विचारतो, काय चाललंय? मग थांबतो. किती थांबायचं यावर कंपनीत बरीच भांडणं झाली आणि ती मी जिंकले. उत्तर मिळालं की मगच यंत्र आपलं ऐकलेलं त्याच्याशेजारी ठेवतं, आणि दोन्ही जुळत नसतील तर तेच मोठ्या अक्षरांत दाखवतं. प्रत्येकाचं घर वेगळं. नाशिकच्या एका मुलीचं दुखणं म्हणजे बसगाड्या आहेत; कुठली उशिरा आली, कुठली स्टॉपवर न थांबता गेली, यावरून तिला आता फिट येणार हे तिच्या आईला आधी कळतं. परभणीचे एक निवृत्त गुरुजी बोलतच नाहीत, नुसतं बोट दाखवून रंग सांगतात. आम्ही कुणालाही दहापैकी किती, असं विचारत नाही.

आईंचा फोन अजून येतो. परवा म्हणाल्या, "घर कसं हाय गं? आणि ती भिंत, प्लास्टर बिस्टर नीट बसलं का?" मी म्हणाले, बसलं. त्या शेजारणीला सांगताना मला फोनमधून ऐकू आलं, "प्लास्टर बसलंय म्हणे."

काल संध्याकाळी सम्मेद आला, हेल्मेट अडकवलं, स्टूल ओढलं. "आज घर कसं आहे?" मी हिंडून आले. जिन्याची एक पायरी डुगडुगते आहे आणि मोरीत ओल आहे, बाकी सगळे आपापल्या कामात आहेत, असं सांगितलं. त्याने मान हलवली आणि तो चहा टाकायला उठला. उठताना त्याने हात भिंतीला टेकवला. हे मी याआधीही पाहिलं असणार. पण बघणं आणि विचारणं यांत माझ्याकडून नेहमीच अंतर पडतं.

"तू बस," मी म्हणाले. "तुझं घर कसं आहे?"

"मी बरा आहे."

"ते घर नाही. ते नुसतं दार आहे, लावलेलं."

तो हसला. "मला कुठं नकाशा येतो काढायला? तुझं तुला जमतं."

मी कागद ओढला आणि पेन्सिल हातात घेतली. "मी काढते. तू सांग. तू कुठल्या खोलीत आहेस?"

त्याला वेळ लागला. मी थांबले. थांबणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. तो इतकी वर्षं हे करत आला आहे. चहाची वेळ टळून चालली होती, तरी मी उठले नाही.

"खोलीत नाही," तो शेवटी म्हणाला. "जिन्यात उभा आहे. वर तुझी खोली आहे. कान लावून उभा आहे, कधीपासून. पाय दुखायला लागलेत गं."

त्याचे डोळे भरून आले होते आणि माझेही. मी जिना काढला, त्याचं वळण काढलं, आणि वळणावर एक खिडकी काढली. मग खिडकीखाली एक बाक काढला. जिन्यात असा बाक ठेवायला नियमाने परवानगी नाही, रुंदी कमी होते, आणि मी आजवर एकाही नकाशात नियम मोडलेला नाही.

"बस," मी म्हणाले. "इथून माझ्या खोलीतलं ऐकू येतं. मी बघून आले आहे."